मोजणीविना हरलेले

२९ ऑक्टोबर २०२४ रोजी दुपारी तीन वाजता विधानसभेचे अर्ज भरण्याची मुदत संपली, तेव्हा बीड जिल्ह्यात पक्षांच्या यादीत नाव नसलेली बरीच वजनदार माणसे रिंगणात उतरलेली होती. आष्टीत भाजपचे माजी आमदार भीमराव धोंडे, गेवराईत भाजपच्या तिकिटावर दोनदा निवडून आलेले लक्ष्मण पवार, माजलगावात २०१९ मध्ये भाजपचे उमेदवार राहिलेले रमेश आडसकर, बीडमध्ये विधानसभेच्या तोंडावर शरद पवारांच्या पक्षात गेलेल्या ज्योती मेटे. हे सगळे अपक्ष. बीडमध्येच माजी मंत्री जयदत्त क्षीरसागर यांनीही अपक्ष अर्ज भरला होता. २०१९ मध्ये पुतण्या संदीप यांच्याकडून ते दोन हजारांच्या आतल्या फरकाने हरले होते. या वेळचा अर्ज त्यांनी ४ नोव्हेंबरला, माघारीच्या शेवटच्या दिवशी मागे घेतला. अर्ज भरणे आणि माघार यांच्या मध्ये दिवाळी आली होती. जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांच्या घरी त्या आठवड्यात एकच चर्चा होती, कोण बसणार आणि कोण लढणार.

अशी निवडणूक झाली की अधिकृत उमेदवाराच्या गोटातून एक मागणी हमखास येते. पक्षाने तिकीट नाकारले त्याला अपक्ष उभे राहता येऊ नये, कायद्यानेच बंदी घालावी. सोबत अमेरिकेचा दाखलाही दिला जातो. तिथे पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत हरलेल्याला मुख्य निवडणुकीत अपक्ष म्हणून येता येत नाही, मग आपल्याकडे का येऊ द्यावे? प्रश्न गंभीर आहे. त्याचे आमचे उत्तर असे, की बीडमध्ये अशी बंदी घालणे अन्यायाचे होईल, कारण इथे ज्यांना हरलेले म्हणायचे त्यांना कुणी मते मोजून हरवलेलेच नसते.

अमेरिकेचा दाखला द्यायचा तर तो पूर्ण द्यावा. तिथल्या बहुतेक राज्यांत हरलेल्याची वाट अडवणारे नियम आहेत हे खरे. कॅलिफोर्नियाचा अशाच स्वरूपाचा कायदा १९७४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. वर्षभर आधी पक्ष सोडलेला असल्याशिवाय अपक्ष उभे राहता येणार नाही, असे तो कायदा सांगत होता. पण ही वाट सगळीकडे बंद नाही. कनेटिकट राज्यात ऑगस्ट २००६ मध्ये सिनेटर जो लिबरमन डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत नेड लॅमाँट यांच्याकडून हरले, स्वतंत्र उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये त्याच लॅमाँट यांना हरवून सिनेटमध्ये परतले. न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी अँड्र्यू कुओमो जून २०२५ मध्ये झोहरान ममदानी यांच्याकडून पक्षात हरले, अपक्ष म्हणून पुन्हा उतरले आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा हरले. एकाला मतदारांनी परत घेतले, दुसऱ्याला घेतले नाही. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र आधी घडून गेली होती. पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांनी मतपत्रिकेवर खूण करून सांगितले होते की आम्हाला हा नको, तो हवा. लिबरमन यांना ४८ टक्क्यांच्या आसपास मते पडली, लॅमाँट यांना ५२. हरलेल्याला आपण किती मतांनी हरलो ते आकड्यात ठाऊक होते. एवढे झाल्यावर त्याने पुन्हा उभे राहू नये असे कुणी म्हटले, तर त्या म्हणण्याला वजन येते.

बीडमध्ये तिकीट कसे ठरते? आधी जिल्ह्याच्या ठिकाणी इच्छुकांच्या मुलाखती होतात. एकेका मतदारसंघासाठी पाच-सात जण समर्थकांच्या गाड्या घेऊन येतात, आत पाच मिनिटे बोलतात, बाहेर घोषणा होतात. मग सर्व्हे येतो. तो कुणी केला, किती गावांत केला, कुणाला काय विचारले, हे इच्छुकाला कधी दाखवले जात नाही. तुमचे नाव सर्व्हेत मागे आहे एवढेच सांगितले जाते. मग मुंबईच्या फेऱ्या सुरू होतात. आणि शेवटी जागावाटप येते, त्यात आधीचे सगळे वाहून जाते. गेवराईची जागा महायुतीत अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडे गेली, तिथून विजयसिंह पंडित उभे राहिले आणि निवडून आले. तिथल्या भाजपच्या कार्यकर्त्याला आपला उमेदवार कोण असावा हे कुणी विचारले नाही, आपला उमेदवार असावा की नसावा हेही विचारले नाही. आष्टीत तर एकाच महायुतीचे दोन अधिकृत उमेदवार होते, भाजपचे सुरेश धस आणि राष्ट्रवादीचे विद्यमान आमदार बाळासाहेब आजबे. त्याला मैत्रीपूर्ण लढत म्हटले गेले. युतीचे पक्षच एकमेकांसमोर एबी फॉर्म देऊन उभे राहत असतील, तर धोंडे यांनी युतीधर्म मोडला असे कुठल्या तोंडाने म्हणायचे?

हा एबी फॉर्म एकदा नीट पाहण्यासारखा आहे. ‘ए’ नमुन्यात पक्ष निवडणूक अधिकाऱ्याला कळवतो की आमच्या वतीने उमेदवार ठरवण्याचा अधिकार अमुक माणसाला आहे. ‘बी’ नमुन्यात तो माणूस उमेदवाराचे नाव लिहितो, आणि त्याचा अर्ज बाद झाला तर पर्यायी कोण तेही लिहितो. सही शाईची लागते, झेरॉक्स चालत नाही. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो कागद पोहोचला पाहिजे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच सूचक पुरतो. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक लागतात. त्यामुळे मुरलेला इच्छुक अर्जाचे दोन संच तयार ठेवतो. एक पक्षाच्या नावाने एका सूचकाचा, दुसरा अपक्ष म्हणून दहा सूचकांचा. कायद्याने एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, तेव्हा यात गैर काही नाही. एबी फॉर्म आला तर पहिला संच चालतो, नाही आला तर छाननीत पहिला बाद होऊन दुसरा उरतो. पक्षात असतानाच अपक्षाचे कागद तयार करून ठेवावे लागतात, इतका या निवडीचा भरवसा जिल्ह्यात उरला आहे! शाईच्या एका सहीने माणूस उमेदवार ठरतो, आणि त्या सहीमागे कुणाचे काय म्हणणे होते याची नोंद कुठेच राहत नाही.

पक्षात मतदान घेतले म्हणजे सगळे सुटते असेही नाही. २००० मध्ये लंडनच्या पहिल्या महापौरपदासाठी मजूर पक्षाने उमेदवार निवडला, तेव्हा केन लिव्हिंगस्टन यांना सामान्य सदस्यांची आणि कामगार संघटनांची मते जास्त मिळाली. पण खासदार आणि लोकप्रतिनिधींच्या गटाला इतके वजन दिलेले होते की जिंकले फ्रँक डॉब्सन. लिव्हिंगस्टन यांनी अपक्ष उभे राहणार नाही असे आधी सांगितले होते. तो शब्द त्यांनी मोडला, पक्षाने त्यांना काढले आणि लंडनकरांनी त्यांना महापौर केले. चार वर्षांनी पक्षानेच त्यांना परत घेतले. निवड वरवर मतदानाची आणि आतून ठरवलेली असेल, तर हरलेला माणूस तिला बांधील राहत नाही, आणि मतदारही त्याला त्यासाठी दोष देत नाहीत.

आता बीडच्या निकालाकडे या. आष्टीत धस सुमारे ७८ हजारांनी निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर होते अपक्ष भीमराव धोंडे. महाविकास आघाडीचे अधिकृत उमेदवार महेबूब शेख आणि राष्ट्रवादीचे विद्यमान आमदार आजबे हे दोघे त्यांच्या मागे राहिले. याचा अर्थ काय घ्यायचा? भाजपने धस यांना तिकीट दिले ते मतदारांना पटले, हे स्पष्ट झाले. धोंडे यांच्यामागेही हजारो माणसे आहेत, हेही तितकेच स्पष्ट झाले. ही दोन्ही उत्तरे पक्षाला आपल्या सदस्यांकडून आधीच मिळवता आली असती. ती मिळवली नाहीत, म्हणून सबंध मतदारसंघाला ती द्यावी लागली. पक्षाने जी मोजणी घरात केली नाही ती अपक्ष उमेदवारी चव्हाट्यावर करून घेते, आणि आज आपल्या पक्षांत त्या मोजणीला दुसरा मार्ग नाही.

हा जिल्हा ती मोजणी पूर्वीपासून करत आला आहे. १९९५ मध्ये गेवराईत बदामराव पंडित अपक्ष लढले आणि काका शिवाजीराव पंडित यांना हरवून विधानसभेत गेले. त्या वर्षी महाराष्ट्रात ४५ अपक्ष निवडून आले होते, त्यांतले कितीतरी काँग्रेसने तिकीट नाकारलेले. काँग्रेस ८० वर थांबली आणि शिवसेना-भाजपचे ७३ व ६५ या अपक्षांच्या जोरावर सत्तेत आले. काँग्रेसला त्या निवडणुकीने जे शिकवले ते तिला पक्षांतर्गत बैठकीत कुणी सांगितले नव्हते. अलीकडचे उदाहरण सांगलीचे. २०२४ च्या लोकसभेला ती जागा आघाडीत ठाकरेंच्या शिवसेनेकडे गेली. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लाखभर मतांनी जिंकले. आघाडीचे अधिकृत उमेदवार चंद्रहार पाटील ६० हजारांच्या आसपास राहिले. सांगलीकरांना काय हवे होते ते वाटाघाटीच्या टेबलावर बसलेल्यांना दिसत नव्हते असे नाही, पण ऐकायची सोय नव्हती. विशाल पाटलांना कायद्याने रोखले असते, तर सांगलीच्या मतदारांना रोखल्यासारखे झाले असते.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, ती टाळून चालणार नाही. माजलगावात प्रकाश सोळंके सुमारे ६६ हजार मते घेऊन निवडून आले, मोहन जगताप यांच्यापेक्षा सहा हजारांच्या आतल्या फरकाने. अपक्षांनी त्या फरकाच्या कितीतरी पट मते घेतली. तिथल्या बहुसंख्य मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिले होते, आणि त्यांचा आमदार वेगळाच झाला. हे दुखणे आहे. त्याहून वाईट प्रकार २०२४ च्याच लोकसभेला बीडमध्ये दिसला. बजरंग सोनवणे पंकजा मुंडे यांच्यापेक्षा ६,५५३ मतांनी पुढे राहिले, आणि त्याच निवडणुकीत सोनवणे यांच्या चिन्हातल्या तुतारीशी नावाचे साधर्म्य असलेले चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाला पन्नास हजारांहून अधिक मते पडली. निकाल थोडक्यात वाचला. पण या दोन गोष्टी एका मापाने मोजू नयेत. चिन्हाच्या गोंधळातून पडलेली मते आणि आडसकर किंवा धोंडे यांना माणूस ओळखून दिलेली मते यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यावर उपाय चिन्हांच्या यादीत करायचा असतो. विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात हा फरक पुरेसा केला नाही. बरेचसे अपक्ष नामधारी किंवा मते फोडण्यासाठी उभे केलेले असतात, या कारणाने अपक्षांना निवडणूक लढवण्यास मनाईच करावी अशी शिफारस त्याने केली. ती शिफारस अमलात आली तर बीडच्या कार्यकर्त्याकडे पक्षाला उत्तर देण्याचे एकमेव साधनही उरणार नाही. त्याच आयोगाने पक्षांतर्गत लोकशाहीसाठीही कायदा सुचवला होता. १९९९ च्या १७० व्या अहवालातही तो आग्रह होता. आधी हे दुसरे काम करावे, मग पहिल्याची चर्चा करू.

कायदा अपक्षाला मोकाट सोडतो हा समजही चुकीचा आहे. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने नंतर कुठल्याही पक्षात प्रवेश केला तर त्याचे सदस्यत्व जाते. म्हणजे ज्या घरातून तो रुसून निघाला, त्या घरात आमदारकी टिकवून त्याला पाच वर्षे परत जाता येत नाही. बाहेरून पाठिंबा देता येतो एवढेच. हरला तर एक षष्ठांश मते न मिळाल्यास अनामत जाते, आणि पक्षाची सहा वर्षांची हकालपट्टी वेगळी. इतकी किंमत मोजायची तयारी असलेल्याला आणखी एका बंदीची धमकी घालून काय साधणार?

आपल्या शेजारी एकदा प्रयोग झाला होता. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदानाने उमेदवार निवडायचे ठरवले. त्यात महाराष्ट्रातले लातूर आणि वर्धा होते. लातूर म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या अंबाजोगाईकरांचा रोजचा रस्ता. तिथून दत्तात्रय बनसोडे निवडले गेले, वर्ध्यातून सागर मेघे. दोघेही त्या लाटेत हरले आणि प्रयोग गुंडाळला गेला. बडोद्यात तर मतदानाने निवडलेले नरेंद्र रावत बाजूला झाले आणि नरेंद्र मोदींसमोर मधुसूदन मिस्त्रींना उभे केले गेले. मुळात मत देणारे होते ते तालुका आणि जिल्ह्याचे पदाधिकारी, निवडून आलेले सदस्य, असा मर्यादित वर्ग. गावातला साधा सदस्य त्यात नव्हता. प्रयोग अपुरा होता, पण दिशा बरोबर होती. ज्या वर्षी पक्षाचे सगळीकडेच पानिपत झाले त्या वर्षीच्या पराभवाचे खापर या पद्धतीवर फोडणे, आणि पुन्हा तिचे नावही न काढणे, हा लातूरच्या त्या मतदारांवर अन्याय होता.

बीडमध्ये हे करायचे तर सुरुवात सदस्यांच्या खऱ्या यादीपासून करावी लागेल. मिस्ड कॉल देऊन झालेले सदस्य चालणार नाहीत. गावनिहाय, नावानिशी, किमान वर्षभर आधीची आणि सगळ्या इच्छुकांना आधी दाखवलेली यादी लागेल. आणि तारीख फार जपून निवडावी लागेल. दसरा-दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातली गावेच्या गावे ऊसतोडीसाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी लेकरांसह टोळीत असतात, मागे म्हातारी माणसे उरतात. ऑक्टोबरच्या शेवटी मुंबईत ठरणाऱ्या उमेदवारीत यांचे मत कुठे असणार? विधानसभेच्या मतदानालाही त्यांना फडातून गाड्या लावून आणावे लागते. पक्षाने सदस्यांचे मतदान ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आसपास घेतले, तर शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर इथला मजूर आपल्या गावात असतो. जर्मनीत पक्षाचा मतदारसंघातला उमेदवार सदस्यांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने निवडणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तिथे ते जमते ते श्रीमंतीमुळे नव्हे. निवडीची नोंद कागदावर दाखवल्याशिवाय उमेदवारी वैध ठरत नाही, म्हणून ते जमते.

आणि बांधिलकी दोन्हीकडून हवी. सप्टेंबर २०१९ मध्ये शरद पवारांनी बीडमध्ये येऊन जिल्ह्यातले पाच उमेदवार जाहीर केले. त्यातल्या केजच्या नमिता मुंदडा त्याच महिन्याच्या अखेरीस भाजपमध्ये गेल्या, भाजपकडून लढल्या आणि जिंकल्या. पक्षाने जाहीर केलेला उमेदवारही पक्षाला बांधील नव्हता, आणि २०२४ मध्ये वर्षानुवर्षे राबलेल्या इच्छुकाला पक्ष बांधील नव्हता. सदस्यांनी मतदान केलेले असते, तर दोघांनाही सोडून जाताना किमान त्या मतांकडे पाठ फिरवावी लागली असती, आणि ते गावोगावच्या लोकांना दिसले असते.

म्हणून पक्षांनी आधी गावनिहाय यादी लावावी, ऑगस्टमध्ये मतपेट्या ठेवाव्यात, इच्छुकांच्या प्रतिनिधींसमोर मते मोजावीत आणि आकडे तालुक्याच्या ठिकाणी फळ्यावर लिहावेत. जो पक्ष हे करील त्याने आपल्या प्रत्येक इच्छुकाकडून अर्ज घेतानाच लेखी हमी घ्यावी की हरलो तर अपक्ष उभा राहणार नाही. ती मोडणाऱ्याला पक्षाने पुन्हा कधीही दारात उभे करू नये, आणि त्या मागणीच्या बाजूने आम्हीही उभे राहू. ज्या पक्षाला हे करायचे नाही, त्याने दहा सूचकांच्या सह्या घेऊन तहसील कार्यालयाची पायरी चढणाऱ्या माणसाला अडवू नये.